पांढऱ्या कोंबांचे दिवस

एप्रिल निम्मा सरला की आमच्या ब्रेडा गावाबाहेर शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला हाताने रंगवलेल्या पाट्या उभ्या राहतात. पाटीवर एकच शब्द असतो, 'अस्पेर्झस', म्हणजे ॲस्परॅगसचे पांढरे कोंब, आणि खाली शेतघराकडे वळणारा बाण. यंदाही त्या लागल्या. सायकलवरून ऑफिसला जाताना पहिली पाटी दिसली आणि मी भर वाटेत ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या आजोबांनी घंटी बडवली आणि जाता जाता डचमध्ये माझा यथेच्छ उद्धार केला. चूक माझीच होती. मी सायकल गवतात घेतली आणि थोडा वेळ त्या पाटीकडे बघत उभी राहिले. गेल्या वर्षी या पाट्या लागल्या तेव्हा आई आमच्या घरी होत्या आणि जेवत नव्हत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे त्या हिवाळ्यात गेले. दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आई एकट्या राहिल्या. निखिलने, माझ्या नवऱ्याने, हट्टाने व्हिसा काढून त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. स्किपोल विमानतळाच्या दारातून बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. "विमानात काही खाल्लंत का?" मी विचारलं. "भूकच नव्हती गं," त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ हाच प्रश्न आणि हेच उत्तर होतं.

स्वयंपाकात माझा हात वाईट नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण आमच्याकडे सांगणारं दुसरं कोणी नाही. निखिल मुकाट्याने खातो आणि इरा, आमची लेक, प्रत्येक पदार्थाला "इट्स ओके" म्हणते. मला वाटलं, परक्या मुलखात आल्यात, घरची चव जिभेवर आली की आई खुलतील. म्हणून मी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आवडीचं सगळं करायला घेतलं. सुरिनामी दुकानातून अळू शोधून आणला, त्याचं फदफदं केलं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून बिरडं केलं. आई सगळ्यांना वाढायच्या, निखिलच्या ताटाकडे बघत बसायच्या आणि स्वतःच्या ताटात भाताची चार शितं इकडून तिकडे करून उठायच्या. मी जितका जीव ओतून करायची तितक्या त्या लवकर उठायच्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं, पण तेव्हा ते कळलं नाही. तेव्हा मला नुसता राग यायचा आणि रागाच्या पोटात भीती होती. रात्रीतून बाबांच्या मागे या बाईही जातील, असं वाटायचं. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, पाणी भरपूर प्यायला सांगितलं.

मग एका शुक्रवारी मी त्यांना बाजारात नेलं. शुक्रवारी मला सुट्टी असते आणि ब्रेडाच्या मोठ्या चौकात, चर्चच्या त्या अवाढव्य मनोऱ्याखाली, बाजार भरतो. खरेदीला म्हणून नेलं नव्हतं, घरात त्यांच्यासमोर बसवत नव्हतं म्हणून नेलं. एका गाडीवर एक मुलगी तव्यावर पातळ पोळीसारखं काहीतरी भाजत होती. गरम असतानाच ते आडवं चिरून आत पाकाचा थर द्यायचा आणि पुन्हा मिटवायचं. स्ट्रोपवाफल. याची पाकिटं आम्ही सुट्टीत पुण्याला नेतो, सगळ्यांना वाटतो, आणि मी इतकी वर्षं इथे राहून ताजं कधी खाल्लं नव्हतं. मी दोन घेतले. आईंच्या हातात एक ठेवला तो केवळ हात शेकावेत म्हणून, कारण वारं बोचरं होतं. बोलता बोलता मी वळून पाहिलं तर त्या खात होत्या. रस्त्यात, उभ्या उभ्या, चपला घालून. आयुष्यात कधी लग्नातल्या बुफेला उभ्याने न जेवलेल्या माझ्या सासूबाई बोटाला लागलेला पाक चाटत होत्या. मांजर दूध पीत असताना आपण हलत नाही, तशी मी उभी राहिले.

घरी आल्यावर विचार करत बसले. अळूच्या प्रत्येक घासात बाबा होते. वरणभातात होते, लिंबाच्या फोडीतही होते. या गरम पाकाच्या वाफलमध्ये मात्र कोणीच नव्हतं. या चवीची त्यांना कसलीच आठवण नव्हती. ज्या गावात मी आठ-दहा वर्षं घरच्या भाजणीच्या पिशव्या सांभाळत राहिले, त्या गावाच्या पोटात काय काय शिजतं हे मला माहीत नव्हतं. आता ते शोधणं भाग होतं.

त्यानंतरचा प्रत्येक शुक्रवार आमचा. राय नावाच्या धान्याच्या कडक, काळपट ब्रेडवर सफरचंदाचा आटवलेला काळा पाक लावून खातात. आईंनी बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, "ही तर काकवी." ब्रेड दाताने तुटेना तेव्हा म्हणाल्या, "आणि ही कालची भाकरी." दोन्ही खाल्लं. कार्नमेल्क नावाचं आंबट ताक दुकानात खोक्यातून मिळतं. ते त्यांनी घरी आणून त्याला आलं, हिंग, मीठ लावलं आणि पेलाभर प्यायल्या. काळ्या चकचकीत ड्रॉपची गोळी तोंडात टाकली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मीच घाबरले. "अगं, हा ज्येष्ठमध आहे! त्याला मीठ लावून पोरांना खाऊ म्हणून देतात? काय पाप केलंय त्यांनी?" बाळंतिणीच्या खोकल्याला ज्येष्ठमध उगाळणाऱ्या बाईला हे पटण्यासारखं नव्हतंच. हेरिंगच्या गाडीपाशी माणसं मान मागे टाकून, शेपटीला धरून, कच्चा मासा कांद्यासकट घशात सोडत होती. आईंनी तोंड फिरवलं. मग पुन्हा वळून पाहिलं. "शिसारी येत नसेल का गं त्यांना?" हा प्रश्न त्यांना संध्याकाळपर्यंत पुरला.

एकदा चौकातल्या एका टेरेसवर बसलो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं न बोलता गडद रंगाची बियर पीत होतं. आईंसाठी मी पुदिन्याचा चहा मागवला. काचेच्या ग्लासात गरम पाणी, त्यात पुदिन्याची अख्खी जुडी, शेजारी मध. त्या ग्लासाकडे बघत म्हणाल्या, "यात चहा कुठाय?" मग पीत पीत हळूच, "तू घेतेस का ते? बियर?" मी मध त्यांच्याकडे सरकवला. "घेत असशील तर घे. मला कशाला घाबरतेस? मी आता कुणाला सांगणार आहे?" मी घेतली नाही. त्यांचं ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर काही प्यायची इच्छाच राहिली नाही. बाबा असताना त्या रोज रात्री झोपताना त्यांना दिवसभराचं सगळं सांगायच्या, हे आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर असं होतं. शुक्रवारी घासभर, इतर दिवशी पुन्हा तेच. काखोटीला मारून आणलेल्या कौतुकाच्या वस्तूंवर माणूस जगत नाही. घरच्या टेबलावर ताट मांडलं की त्या आक्रसायच्या. जूनच्या शेवटी त्यांना परत जायचं होतं, रिकाम्या घरात, जिथे "जेवा" म्हणायलाही कोणी नसणार. तिथे त्या स्वतःपुरता कुकर लावतील का, हा एकच प्रश्न मला आणि निखिलला खात होता.

रीट आमची शेजारीण, भिंतीला भिंत. तिचं आयुष्य पोरांना पोहायला शिकवण्यात गेलं, त्यामुळे कुंपणाशी बोलताना ती तलावाच्या दुसऱ्या काठावर हाक मारतेय असं वाटतं. तिचा नवरा जाऊन काही वर्षं झाली आहेत. आईंनी अजून अस्पेर्झस खाल्लेले नाहीत हे कळल्यावर ती खरोखर हादरली. ब्राबांट प्रांतात येऊन, तेही या मोसमात? तिने लगेच फोनमध्ये कॅलेंडर उघडलं आणि आम्हाला जेवायला बोलावलं, तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला. मी आईंना सांगितलं. "जेवायला तीन आठवडे आधी? मुंजीचं आमंत्रण आहे का?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बरं. तोवर राहिले तर येईन म्हणावं." रीटला मी नुसतं "येतो" एवढंच सांगितलं.

त्या गुरुवारी निखिल हूफडॉर्पला कामाला गेला होता, इराची हॉकीची प्रॅक्टिस होती. आम्ही दोघीच गेलो. सहा वाजले होते तरी ऊन दुपारसारखं होतं. आईंनी साडी नेसून वर निखिलचा स्वेटर घातला होता. रीटच्या ओट्यावर कोंब मांडलेले होते, पांढरेफटक, वीतभर लांब, बोटाएवढे जाड. हे कोंब वाळूच्या उंच वरंब्यांत वाढतात. डोकं वर काढून त्यांनी उजेड पाहिला की जांभळे-हिरवे होतात, म्हणून वाळूतच लांब सुरी खुपसून कापतात. मी हे सांगत होते तोवर आईंनी एक कोंब उचलून वास घेतला. "शतावरी," त्या म्हणाल्या. "इराच्या वेळी तुला शतावरी कल्प दिला होता मी दुधातून. ही तिची बहीण दिसतेय." रीटने त्यांच्या हातात सोलाणं दिलं. कोंब आडवा ठेवून टोक सोडून खाली सोलत जायचं, एकही दोरा राहता कामा नये. आईंना एकदाच दाखवावं लागलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून सोलत होत्या. रीट डचमध्ये बोलत होती, आई मराठीत, आणि दोघींचं बरं चाललं होतं. साली फेकल्या नाहीत. त्या पाण्यात उकळत ठेवल्या आणि त्याच पाण्यात कोंब शिजवले. आईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. फुकट न घालवणारी बाई त्यांना मनापासून आवडते.

मग टेबल. लांबट ताटलीत कोंब, वर वितळलेलं लोणी, बाजूला उकडलेली अंडी कुस्करून, कोवळे बटाटे. एरवी यासोबत लागणारं हॅम रीटने आमच्यासाठी आणलंच नव्हतं. वाढून झाल्यावर तिने खिसणीवर जायफळ धरलं. आई दचकल्या. "भाजीवर जायफळ? बासुंदी आहे का ती?" इथे फ्लॉवरवरही घालतात म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या.

रीट म्हणाली, "एत स्माकलिक." आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, तसं. आणि दोन्ही हात ताटाच्या बाजूंना ठेवून आईंकडे बघत बसली. आई हात मांडीवर ठेवून रीटकडे बघत बसल्या. मी काटा उचलला होता, तो हळूच खाली ठेवला. लोणी थिजायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं.

"काही बिघडलंय का?" रीटने मला विचारलं.

"नाही. तू सुरू करशील म्हणून त्या थांबल्यात."

"पण त्या पाहुण्या आहेत. आणि माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. माझ्या आईच्या घरात सगळ्यांत मोठं माणूस सुरुवात करायचं."

मी आईंना सांगितलं. "छे, छे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तिला सांग, तुम्ही घ्या आधी. मी घेते मागून."

रीटने ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "मी आठवडाभर या टेबलावर एकटी जेवते, वाटेल तेव्हा. आज मला घाई नाही. मी थांबते."

मी हेही सांगितलं. आईंनी रीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग चौथ्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि ते बघणं लांबत गेलं.

"अनघा," त्या म्हणाल्या, "माझ्या आधी जेवणारं आता कुणी उरलंच नाही गं."

आणि त्या रडायला लागल्या. बाबांना नेलं तेव्हा आल्यागेल्यांचा चहा बघणारी, तेराव्याला आचाऱ्यावर लक्ष ठेवणारी बाई परक्या घरात, परक्या भाषेच्या टेबलावर हुंदके देऊन रडत होती. मग बोलत गेल्या. माहेरी भाऊ आधी जेवायचे. सासरी सासरे, दीर, मग मुलं. एकेक करून पंगत कमी होत गेली आणि शेवटी ते दोघंच उरले, तरी बाबा आधी आणि त्या मागून. "त्यांना गरम पोळी लागायची ना. त्यांचं झालं की ते बेसिनपाशी जायचे, नळाचा आवाज यायचा. तो आवाज आला की मला भूक लागायची. इतकी वर्षं तशीच लागायची गं. आता नळच वाजत नाही तर काय करू?"

मी इतके दिवस चवीत उत्तर शोधत होते. चवीचा प्रश्नच नव्हता. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही, कारण मी त्या घरात सून म्हणून येऊन ती पंगत कितीदा पाहिली होती आणि ती मला केवळ जुनी रीत वाटली होती.

रीटने काय झालं म्हणून विचारलं नाही. ती उठली, आईंच्या ताटावर दुसरं ताट उपडं ठेवलं, निवू नये म्हणून, आणि परत येऊन बसली. ती खरंच थांबली होती. बाहेर कोणाच्या तरी बागेत पोरं ओरडत होती. कितीतरी वेळाने आईंनी पदराने डोळे पुसले, झाकण काढलं, काटा-सुरी बाजूला सरकवली आणि हाताने एक तुकडा मोडून तोंडात घातला. त्यांनी तो गिळल्यावर रीटने काटा उचलला, मग मी. दोन-चार घासांनंतर आई म्हणाल्या, "जायफळ शोभतंय हो."

त्या रात्रीनंतर जादू झाली, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं ताट आधी वाढलं आणि समोर बसून राहिले. त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. मी ढिम्म. रीटकडून शिकले होते. शेवटी "हट्टी आहेस," म्हणत त्यांनी घास घेतला, चोरी केल्यासारखा, दाराकडे बघत. रोज तेवढाच हट्ट मी करत राहिले आणि रोज त्या दाराकडे बघायच्या. इराला हे सगळं विचित्र वाटायचं. "व्हाय इज आजी ऑलवेज वेटिंग?" तिने एकदा विचारलं. आजीला ते इंग्रजी कळलं. त्या म्हणाल्या, "सवय बाळा. सोडतेय हळूहळू."

जूनच्या अखेरीला, सेंट जॉनच्या सणाला, हे कोंब कापणं बंद होतं. एकदम बंद, बाजारात मागणी असली तरी. शेवटच्या शुक्रवारी मी आईंना एका शेतावर नेलं. ज्या वाफ्यांची काढणी आधीच थांबवली होती तिथे कोंब उजेडात येऊन पार बदलले होते. कमरेएवढी हिरवी, बारीक, पिसासारखी झुडपं वाऱ्याने हलत होती. मी शेतातल्या बाईंना विचारून आईंना सांगितलं, की आता ती झाडं वाढू देतात, म्हणजे मुळांना जोर येतो, नाहीतर पुढच्या वर्षी काही उगवत नाही. आईंना ते फार आवडलं. "म्हणजे यांची कांदेनवमीच की! पोटभर खाऊन घ्या आणि मग चार महिने हात लावायचा नाही." मग कांदेनवमीला त्यांच्या माहेरी होणारी भजी, थालीपीठं, भरली वांगी, सगळं त्यांनी सांगितलं. जेवणाबद्दल त्या आपण होऊन बोलल्या, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. शेतावरून निघताना म्हणाल्या, "मुळालाही खायला हवंच ना गं."

स्किपोलवर सामान तोलून झाल्यावर मी त्यांचा हात धरला. "आई, तिथे स्वतःपुरता स्वयंपाक कराल ना? आधी जेवाल ना?" त्या म्हणाल्या, "बघू." मला पाया पडू दिलं, इराच्या गालावरून हात फिरवला, आणि व्हीलचेअरवाल्या माणसाबरोबर गेल्या.

त्या 'बघू'वर आम्ही जवळजवळ वर्ष काढलं. आठवड्यातून दोन-तीनदा फोन व्हायचा. "जेवलात का?" "हो." "काय केलं होतंत?" "केलं काहीतरी." आपल्याकडच्या बायकांच्या 'हो'वर काय विश्वास ठेवायचा? व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्या चेहऱ्यापेक्षा गळ्याची हाडं बघायची. कधी बरी वाटायची, कधी नाही. निखिल म्हणायचा, "अगं, आहे ती ठीक." त्यालाही खात्री नव्हती, हे मला आवाजावरून कळायचं. वर्षश्राद्धाला तो जाऊन आला. घरात बरीच माणसं होती आणि आई शेवटी जेवल्या, एवढंच त्याने सांगितलं.

आज शुक्रवार. बाजारात मोसमातली पहिली जुडी घेतली. रीटला अर्धी द्यायची आहे. कोंब एकमेकांवर घासले की करकर वाजतात, ते ताजेपणाचं लक्षण. आईंना दाखवावेत म्हणून तिथूनच फोन लावला. पुण्यात दुपारचा एक वाजून गेला असेल. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग त्यांचा आवाज आला, तोंडात घास असल्यासारखा.

"अनघा, आत्ताच पान वाढून घेतलंय गं. गरम आहे तोवर जेवते. तू नंतर कर."

"कोण आलंय का?"

"कोण येणार? मी एकटीच आहे. ठेव आता, निवतंय."

आणि त्यांनी फोन ठेवला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आजवर त्यांनी माझा फोन असा कधी तोडला नव्हता. मी बाजाराच्या मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांदेखत रडले.